लेकराच्या छातीत पुन्हा पुन्हा घरघर : ठाणे-नवी मुंबईतल्या घरांचे अनुभव

मानपाडा, घोडबंदर रोड

माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे. गेल्या पावसाळ्यापासून त्याचं एक ठरून गेलंय. सकाळी नाक वाहायला लागतं, संध्याकाळी खोकला, आणि रात्री आमची जेवणं आटपेपर्यंत छातीत घरघर सुरू. ताप कधी असतो, कधी नसतो. घरात नेब्युलायझर (औषधाची वाफ करणारं विजेवरचं मशीन) आहे, पंप आहे, पंपाला जोडायचा स्पेसर (मास्क लावलेलं प्लॅस्टिकचं नळकांडं) आहे, कधी काय द्यायचं तो डॉक्टरांचा कागद फ्रीजवर लावलाय. ते म्हणतात, सर्दीचा व्हायरस आला की याच्या श्वासनळ्या आकसतात. फुंकून करायची तपासणी साधारण पाच वर्षांच्या आत नीट जमत नाही, म्हणून दम्याचा शिक्का इतक्यात मारत नाही. बरीच मुलं सहा वर्षांची होईपर्यंत यातून बाहेर पडतात. पटतं सगळं. पण सहावं वर्ष लांब आहे आणि उद्या सकाळी मला कापूरबावडीच्या ट्रॅफिकमधून ऑफिस गाठायचंय.

औषधं विचारत नाहीये, ती ज्याचे त्याचे डॉक्टर सांगतील. मला बाकीचं हवंय. रात्री कोण जागतं? घरातल्या मोठ्यांना कसं समजावता? पाळणाघरात काय सांगून ठेवता? आता दवाखान्यात पळायचं, हे कशावरून ठरवता? आणि गॅलरीचं दार बंद ठेवूनही मेट्रोच्या कामाची, समोरच्या टॉवरची धूळ रोज फडक्यावर येते, तिचं कोणी काही केलं असेल तर तेही लिहा. लांबलं तरी चालेल.

कोपरखैरणे

आमचे हे मसाला मार्केटला माथाडी. मिरचीच्या गाड्या लागल्या की संध्याकाळी हे नुसते दारात उभे राहिले तरी घरात शिंका. मुलीला दीड वर्षाची होती तेव्हापासून धाप लागायची. डॉक्टरबाईंनी सगळ्यात आधी विचारलं, घरात बिडी-सिगारेट कोण ओढतं, आणि बाबा कामाला कुठे. आता हे मार्केटातच हातपाय धुऊन कपडे बदलतात. कामाचे कपडे पिशवीत गाठ मारून आणायचे आणि पिशवी थेट मोरीत. पोरगी "बाबा, बाबा" करत धावते, पण आधी आंघोळ, मग उचलून घेणं. मिरचीमुळेच होतं असं काही डॉक्टरबाई म्हणाल्या नाहीत. सुरुवात सर्दीनेच होते. पण सुरू झाल्यावर असलं काही नाकात गेलं की चढतं.

सासूबाई पाटणकडच्या. पंपाला त्यांचा ठाम नकार. "एकदा पंप लागला की सुटत नाही. उद्या लग्नाला उभी करायची हाय का नाय हिला?" दीड वर्षाच्या पोरीचं लग्न! मग डॉक्टरबाईंनी त्यांनाच समोर बसवलं. आजी, सिरप पोटातून सगळ्या अंगात फिरतं, डोस जास्त लागतो, त्यानं हात थरथरतात, छाती धडधडते. पंपातलं औषध थोडंसंच, आणि नेमकं जिथे हवं तिथे. एवढं सांगून त्यांनी सासूबाईंना काम लावलं. पोरगी शांत झोपली की पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. १ ते ५ वर्षांच्या मुलाचे मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त झाले तर श्वास वेगात आहे असं धरायचं.

सासूबाईंची मोजणी विसाच्या पुढे घसरते. म्हणून त्यांनी जपमाळ काढली आणि चाळिसाव्या मण्याशेजारी लाल दोरा बांधला. पोट एकदा वर आलं की एक मणी. मिनिट मी मोबाइलवर लावते. "थांबा" म्हटल्यावर बोट दोऱ्याच्या अलीकडे असेल तर माळ कपाळाला लावतात. दोरा ओलांडला असेल तर मला काही बोलत नाहीत, सरळ यांना हलवतात, "ऊठ, रिक्षा बघ." पंपाबद्दल आता तक्रार नाही. तरी पंप दिल्यावर मीठमोहऱ्या ओवाळतातच. ओवाळू देत.

ऐरोली

आमचा प्रकार वेगळा आहे. मुलाच्या छातीत घरघर नसते. दिवसभर साधी सर्दी, आणि मध्यरात्रीनंतर एकदम उठून बसतो. आवाज बसलेला, कुत्रं भुंकल्यासारखा खोकला, आणि श्वास आत घेताना घशातून कर्कश आवाज. याला क्रूप म्हणतात. सूज खाली छातीत नसून स्वरयंत्राच्या आसपास असते, त्यामुळे दम्याचा पंप इथे कामाचा नाही. डॉक्टर स्टेरॉइडचा बहुधा एकच डोस देतात आणि काही तासांत फरक पडतो. जास्त असेल तर हॉस्पिटलमध्ये अ‍ॅड्रेनॅलिनचं नेब्युलायझेशन करतात. दोनदा झाल्यावर आम्हाला लेखी सूचना मिळाली : मूल शांत असतानाही तो आवाज येत असेल तर वाट बघत बसायचं नाही, निघायचं.

यात सगळ्यात मोठं काम म्हणजे त्याला रडू न देणं. रडला की घसा आणखी आवळतो. म्हणून लाइट लावायचे नाहीत, घरभर धावपळ नाही, चार जणांनी चार बाजूंनी "काय झालं सोन्या" करायचं नाही. मी त्याला मांडीवर सरळ बसवतो आणि आम्ही गॅलरीतून ठाणे-बेलापूर रोडवरचे ट्रक बघतो. टँकर गेला की तो बोट दाखवतो, बोलायचं नाही असं ठरलंय. माझी शिफ्ट रात्रीची, त्यामुळे जागं राहण्याचा प्रश्नच नाही. या नोकरीचा घरच्यांना झालेला हा एकमेव उपयोग.

फॅमिली ग्रुपवर ओव्याच्या पाण्याची वाफ सुचवणाऱ्या तीन आत्या आहेत. क्रूपला वाफेने फायदा होतो असं सिद्ध झालेलं नाही, आणि उकळतं पातेलं, अंधार आणि हातपाय झाडणारं मूल हे गणित मला नको. आत्यांना मी नमस्काराचा इमोजी पाठवतो.

कळवा

मी नातीची आजी. सूनबाईने लिहायला बसवलंय आणि ती शेजारी बसून वाचतेय, तेव्हा जपून लिहिते.

आमच्या वेळी शेगडीत निखारे, त्यावर ओवा, बाळंतशेपा, धूप, आणि त्याची बाळाला धुरी. माझी तिन्ही मुलं त्यातच वाढली. पण ते घर कौलारू होतं, धूर कौलांतून निघून जायचा. इथे वन बीएचके, खिडकीला काच, काचेला जाळी, एसी लावताना राहिलेली फटही बुजवलेली. धूर जाणार कुठे? म्हणून इथे धुरी नाही, उदबत्ती नाही, डासांची कॉइलही नाही. देवापुढे समई लावते, फुलं ठेवते. डासांना मच्छरदाणी.

कापराच्या पुरचुंडीवरून मात्र आमचं वाजलं होतं. लहान बाळाला कापूर बाधतो, छातीला चोळायची मलमंही दोन वर्षांच्या आत नकोत, असं सुनेच्या डॉक्टरांनी सांगितलं. बरं. मध मी सोडलेला नाही. वर्षाच्या आत नाही द्यायचा, ठाऊक आहे. नात आता दोन वर्षांची झाली. रात्री खोकला आला की अर्धा चमचा मध चाटवते, वर दोन घोट कोमट पाणी. त्यावर डॉक्टरही काही बोलू शकले नाहीत.

नेरूळ

छाती साफ असूनही झोपेत श्वासाचा त्रास असू शकतो, म्हणून लिहिते. लेक साडेतीन वर्षांची. रात्रभर घोरणं, तोंड उघडं, मान मागे टाकलेली. मध्येच श्वास थांबल्यासारखा व्हायचा, मग दचकून मोठा श्वास. घरात सगळे "बाबांवर गेलीय" म्हणून हसायचे. सतत सर्दी आणि दिवसभर किरकिर, ती कशामुळे ते कळत नव्हतं. मी झोपेतला व्हिडिओ काढून कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवला. नाकामागची अ‍ॅडिनॉइडची गाठ वाढलेली निघाली. काही महिने नाकातला स्प्रे, तेवढ्याने भागलं नाही, मग ऑपरेशन. आता रात्री इतकी शांत झोपते की सुरुवातीला मीच उठून बघत होते. ज्यांना रात्रीचा त्रास आहे त्यांनी व्हिडिओ काढाच. दवाखान्यात पोरं अगदी शहाण्यासारखा श्वास घेतात.

नौपाडा

आमचं थोडक्यात. मुलगा दोन वर्षांचा, आधी कधी काही नाही. संक्रांतीचे लाडू वळत होते, परातीत शेंगदाण्याचे तुकडे. खेळता खेळता ठसका लागला, लालबुंद झाला आणि मग शांत. दुसऱ्या दिवसापासून खोकला आणि घरघर, तीही उजव्या बाजूलाच. सर्दी नाही, ताप नाही. एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही, पण डॉक्टरांनी ठसक्याची गोष्ट दोनदा विचारून घेतली आणि त्याच दिवशी पुढे पाठवलं. भूल देऊन दुर्बिणीने श्वासनळीतून दाणा काढला. शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही, हे मला तेव्हा कळलं. ज्यांच्या मुलांना नेहमी घरघर होते त्यांना मुद्दाम सांगते : सर्दी नसताना अचानक सुरू झाली, त्याआधी ठसका लागला होता, तर "नेहमीचंच आहे" म्हणून पंप देत बसू नका.

खारघर

धुळीचं विचारलंय. मी स्वतः साइटवर असतो, त्यामुळे ही धूळ कुठून येते ते मला विचारू नका. घरात केरसुणी बंद केली, तिने धूळ फक्त वर उडते. ओलं फडकं, तेही मूल दुसऱ्या खोलीत असताना. बाहेर काम चालू असेल तोवर त्या बाजूची खिडकी बंद, थांबलं की उघडायची. दिवसभर कोंडून ठेवलेलं घरही चांगलं नाही. एअर प्युरिफायर घेतलाय. फिल्टर चांगला असेल तर धूळ धरतो, पण रात्री वारा फिरल्यावर येणाऱ्या केमिकलच्या वासाचं त्याला फारसं काही करता येत नाही. फिल्टर वेळेवर बदलायचा खर्च धरूनच घ्या.

आमच्याकडे मोठी गोष्ट निघाली ती घरातच. कपाट पुढे ओढलं तर मागची भिंत काळी. वरच्या फ्लॅटच्या बाथरूमचं पाणी झिरपत होतं आणि बुरशी नेमकी मुलाच्या पलंगाच्या उशाला. सोसायटीच्या मीटिंगमध्ये वरचे म्हणाले, आमचं काही गळत नाही. सेक्रेटरी म्हणाले, पावसाळ्यानंतर बघू. पावसाळ्यानंतर बघायला मुलाच्या छातीला सवड नव्हती. शेवटी खर्च अर्धा-अर्धा करून त्यांच्या बाथरूमचं वॉटरप्रूफिंग करून घेतलं, तेही आमच्या बायकोने वरच्या काकूंना खाली बोलावून भिंत दाखवल्यावर. बुरशीवर नुसता रंग मारू नका, गळती बंद होईपर्यंत ती परत येते. कपाट भिंतीपासून वीतभर लांब ठेवलंय. पांघरुणं गरम पाण्यात धुतो, मऊ खेळणी एक सोडून सगळी माळ्यावर. ते एक मात्र सोडत नाही, मग तेही आठवड्याला मशीनमध्ये.

घणसोली

मी लहान मुलांच्या वॉर्डात स्टाफ नर्स आहे. पंप जवळजवळ सगळ्यांकडे असतो, तो देण्याची पद्धत मात्र घरोघरी वेगळी. पंप हलवायचा. मास्क नाक-तोंडावर घट्ट, कडेला फट नको. एक दाब, मग मुलाचे पाच-सहा श्वास. पुढच्या दाबाआधी पंप परत हलवायचा. दोन-तीन दाब एकदम मारले की बरंचसं औषध स्पेसरलाच चिकटतं. रडत असेल तर औषध आत कमी जातं, म्हणून बरा असतानाच मास्कशी खेळू द्या, बाहुलीला लावा, बाबांना लावा. स्पेसर साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून तसाच हवेवर वाळवा. पुसलात तर प्लॅस्टिकवर स्थिर वीज येते आणि औषध भिंतीला धरतं. रोजचा स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर तोंड धुवा, मास्कखालचा चेहराही पुसा. आणि मूल चार दिवस बरं दिसलं म्हणून रोजचा पंप आपल्या मनाने बंद करू नका, आमच्याकडे येणाऱ्यांतले कितीतरी असेच येतात.

पळायचं कधी? बरगड्यांमधली किंवा गळ्याखालची जागा आत ओढली जातेय, नाकपुड्या फुलतात, पाणी-दूध घेता येत नाही, बोलणारं मूल एकेक शब्दावर आलंय, ओठ निळसर, किंवा सुस्त पडलंय. पंप देऊन उतार नाही किंवा थोड्याच वेळात परत तेच, तरीही. घरघर ऐकू येणं थांबलं आणि मूल दमलेलं आहे, ही सुधारणा समजू नका, तेव्हा हवाच आत जात नसते. १०८ लावा.

खोकल्याची सिरपं मनाने नकोत. सर्दीच्या नेहमीच्या एका मिश्रणावर ४ वर्षांखालील मुलांना देऊ नये असं छापायला केंद्राने २०२३ मध्येच सांगितलं होतं. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात भेसळीच्या सिरपने मुलं दगावली, ते सगळ्यांनी वाचलंय. फ्लूची लस सहा महिन्यांनंतर दरवर्षी घेता येते. पावसाळ्याआधी डॉक्टरांना विचारा.

मानपाडा, घोडबंदर रोड

सगळ्यांचं वाचलं. काल रात्री श्वास मोजले, माळ नव्हती, मोबाइलवरच. पाळणाघराचं सांगते. तिथल्या मावशी पंप द्यायला तयार नव्हत्या, "काही झालं तर माझ्यावर येईल." त्यांचंही खरं आहे. डॉक्टरांकडून एका पानावर मराठीत लिहून घेतलं, खाली आमच्या दोघांचे फोन आणि सही. मग मावशींना एकदा दवाखान्यातच सोबत नेलं, तिथे त्यांनी स्वतः देऊन बघितला. आता मलाच सांगतात, "ताई, मास्क सैल धरता तुम्ही."

अजून एक. गणपतीला राजापूरला जायचंय, सगळे म्हणतात नेब्युलायझरचं मशीन घेऊन जा. गावी वीज जाते. कोणी नेलंय का?

घणसोली

मशीनवर अडून राहू नका. साध्या-मध्यम त्रासाला पंप आणि स्पेसर नेब्युलायझरइतकंच काम करतात, वीज लागत नाही. रिलीव्हरचा, म्हणजे त्रास होतो तेव्हा द्यायचा, एक जादा पंप घ्या, त्यावरचा उरलेल्या डोसांचा आकडा बघून घ्या, आणि हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीत नाही. निघण्याआधी जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे आहे ते गावी फोन करून विचारा. आरतीच्या वेळी धूप-कापूर असतोच, तेव्हा त्याला घेऊन अंगणात थांबा. प्रसाद तिथे येतोच.