तीनही मतं एकालाच टाकू द्या की!

पांदणवाला:
आमचं गाव भंडारा जिल्ह्यातलं. वार्डात तीन जागा, अ, ब, क. मशीनवर एकेका जागेला एकेक मत. मुसलमानांची तीसेक घरं, म्हणजे शंभर मतांत सव्वीस धरा. माझ्या आठवणीत त्यांचा मेंबर झालाच नाही. तिन्ही जागांवर उरलेले चौऱ्याहत्तरच भारी पडतात.
मतदाराला तिन्ही मतं एकावर टाकायची मुभा द्या. सव्वीस जणांची ७८ होतात. बाकीच्यांची २२२ मतं तिघांत वाटली तर प्रत्येकी ७४. एक जागा त्यांची! हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. १९५४ ची भंडारा पोटनिवडणूक आठवा. दोन जागांचा मतदारसंघ, एक राखीव, पण त्या राखीव जागेलाही मतं सगळ्यांचीच. बाबासाहेब हरले. १९५५ साली भाषावार राज्यांवर लिहिताना त्यांनी दोन-तीन जागांचे मतदारसंघ आणि अशी एकावर मतं टाकायची सोय सुचवली.

वऱ्हाडी ठेचा:
हिशेब बरोबर आहे भाऊ, पण गाव कागदावर चालत नाई. आज चुरस असली का पाटलाचा पोरगा त्या मोहल्ल्यात हात जोडत येते. उद्या म्हणन, तुमची मतं तं तुमच्याच माणसाले, मी काहून येऊ? अन् तीस घरांतून दोघं चुलतभाऊ उभे राहिले तं ७८ चे ३९-३९. बसा मंग बोंबलत.

कायद्याचं बोला:
आणि जागांच्या प्रवर्गाचं काय? निम्म्या जागा महिलांना, काही अनुसूचित जाती-जमातींना. अ ची मतं क मध्ये कशी मोजणार?

पांदणवाला:
तेही आपल्याकडे होऊन गेलंय. १९५२ ला दोन जागांच्या मतदारसंघात राखीव प्रवर्गातला सर्वाधिक मतांचा आधी निवडून यायचा, मग उरलेल्यांतला पहिला. मात्र दोन्ही मतं एकालाच द्यायला बंदी होती. तीच गाठ सोडा म्हणतोय. महिला जागाही तशाच आधी भरा.
आणि ठेचाभाऊ, हात जोडायला येतात हे खरं. मागच्या खेपेला आले, चहा पिऊन गेले. नळाची लाइन अजून मशिदीच्या कोपऱ्यावरच अडलीय, बाया हंडे घेऊन तिथवर येतात.

वऱ्हाडी ठेचा:
लाइनचं मान्य. पण चुलतभावाईचं काय, ते तुम्ही सांगतलंच नाई.