बाबांचा मस्कतचा टू-इन-वन पुन्हा चालू करायचा आहे. किती बदलू आणि काय तसंच ठेवू?

खाडीकाठची

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात माळ्यावरून बाबांचा टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट एकाच पेटीत असलेला सेट, खाली काढला. बाबा मस्कतला एका वर्कशॉपमध्ये फिटर होते. १९८३ला गणपतीसाठी घरी आले तेव्हा हा सेट सोबत आणला. जपानी बनावटीचा आहे. दोन मोठे स्पीकर, दोन छोटे, मधे कॅसेटचा एक कप्पा आणि चार बँड. आमच्या गुहागरकडे तेव्हा एफएमवर नुसती खरखर यायची, त्यामुळे तो काटा कुणी हलवतच नसे. आठ मोठे सेल लागतात.

आमच्या घरी याच्यावर गाणी कमी आणि पत्रं जास्त वाजली. बाबा तिकडून कॅसेट भरून गावच्या येणाऱ्या माणसाबरोबर पाठवायचे. आई याच सेटसमोर पाटावर बसून उत्तर भरायची. परत येताना बाबांनी आईच्या कॅसेटी बिस्किटांच्या डब्यात घालून आणल्या. एकूण अकरा आहेत, सात बाबांच्या आणि चार आईच्या. दोघंही आता नाहीत.

रेकॉर्डच्या बटणावर आईने चिकटपट्टी लावलेली आहे, जखमेवर लावतात ती. आम्ही पोरं चुकून ते बटण दाबू आणि बाबांचा आवाज पुसला जाईल, याची तिला धास्ती होती. पट्टीचा कापूस पिवळा पडलाय, पण ती अजून घट्ट बसलेली आहे.

मागचे सहा स्क्रू काढून मी आत पाहिलं. मोटर फिरते पण रिळं फिरत नाहीत. बेल्टच्या जागी डांबरासारखा काळा चिकटा आहे, बोटाला लागला तो दोन दिवस निघाला नाही. रेडिओ लागतो. डावा स्पीकर मधेच जातो, वरून थाप मारली की येतो. व्हॉल्यूम फिरवताना खरखर होते. सेलच्या कप्प्यात एक स्प्रिंग हिरवी पडली आहे.

भाचा म्हणतो, "मावशी, आतलं सगळं काढून टाकू, ब्लूटूथचा अ‍ॅम्प्लिफायर घालू, काळा मॅट रंग मारू, कडेने एलईडी लावू." त्याचा उत्साह मला मोडायचा नाही. सेट रोज वापरात राहावा असं मलाही वाटतं, आणि फोनवरची गाणी त्यावर लागली तर हवंच आहे. पण कॅसेट वाजलीच पाहिजे. मला सोल्डरिंग थोडंफार येतं, मल्टिमीटर घरात आहे. सुरुवात कुठून करू?

जुना मेकॅनिक

ताई, सगळ्यात आधी एक सांगतो. त्या अकरा कॅसेटींपैकी एकही या सेटमध्ये अजून घालू नका. बाजारातली एखादी जुनी, नको असलेली कॅसेट घ्या. ती दोन्ही बाजूंनी न गुंतता चार वेळा वाजली की मगच घरच्या कॅसेटींचा विचार करायचा. मधल्या काळात त्या अकरांच्या वरच्या कडेच्या दोन्ही प्लास्टिकच्या चिमट्या तोडून ठेवा. चिमटी तुटलेली असली की रेकॉर्डचं बटण खाली जातच नाही. आईंनी चिकटपट्टीने जे केलं तेच काम कॅसेटच्या बाजूनेही होईल.

दुसरं, भिंतीतली पिन काढल्याशिवाय आत हात घालायचा नाही. सेट बटणाने बंद केला तरी बहुतेक सेटमध्ये ट्रान्सफॉर्मरच्या एका बाजूला २३० व्होल्ट असतातच. आखातातून आलेल्या सेटना मागे ११०/२२० चा खटका असतो, तो २२० वरच आहे ना ते बघा. माळ्यावर ढकलताना तो सरकलेला मी पाहिला आहे.

आता काळा चिकटा. बेल्टचं रबर वयाने असं होतं, चाळीस वर्षं झाली की कुठल्याही कंपनीचं होऊ शकतं. हातमोजे घाला. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्या भरपूर लागतील. फ्लायव्हील (बेल्टने फिरणारं जड चाक), मोटरची पितळी कप्पी, टेप किती झाली ते आकड्यांत दाखवणाऱ्या काउंटरची छोटी कप्पी, सगळीकडचं साफ करायचं. कप्पीच्या खाचेत दात कोरायची काडी फिरवा. खाचेत कणभर राहिलं तरी गाण्यात हेलकावा येतो. पुसण्याआधी मात्र फोटो काढा, चिकट्याच्या ठशावरून बेल्ट चपटा होता की चौकोनी ते कळतं.

नव्या बेल्टचं माप घ्यायला शिवणाचा दोरा कप्प्यांवरून बेल्टच्या वाटेने फिरवा, लांबी मोजा आणि त्यापेक्षा पाचेक टक्के कमी घेराचा बेल्ट घ्या. पुण्यात असाल तर पासोड्या विठोबाजवळ, तपकीर गल्लीत, आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला पिशवीभर निरनिराळ्या मापांचे मिळतात. दुधाच्या पिशवीचं रबरबँड लावू नका. ते एकसारखं ताणत नाही, माणूस रडत रडत बोलतोय असं ऐकू येतं.

थाप मारल्यावर स्पीकर येतो म्हणजे स्पीकर बहुतेक शाबूत आहे. दोष रेकॉर्ड-प्लेच्या लांब स्विचमध्ये असावा. रेकॉर्डचं बटण दाबलं की बोर्डावर एक बोटभर लांब पट्टी सरकते, तिच्यात दोन्ही बाजूंच्या आवाजाचे कितीतरी संपर्क असतात आणि ते काळे पडतात. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, सेट बंद ठेवून ती पट्टी तीसचाळीस वेळा मागेपुढे करा. व्हॉल्यूमलाही तोच उपाय. गंजलेल्या नटबोल्टवर मारतात तो तेलकट स्प्रे इथे अजिबात नको, तो आज बरं वाटायला लावतो आणि वर्षाने धुळीचा लेप करून ठेवतो. हिरवी स्प्रिंग बदलूनच टाका.

हेड (टेपवरचा आवाज वाचणारा भाग) आणि कॅप्स्टन (टेप पुढे ओढणारी बारीक फिरती दांडी) अल्कोहोलने पुसा. रबरी रोलरला सौम्य साबणाचं पाणी पुरे. आणि हेडशेजारी स्प्रिंगवर बसलेला एक छोटा स्क्रू दिसेल. त्याला आज हात लावू नका. का, ते कॅसेट वाजायला लागली की सांगतो.

निळी वायर

ब्लूटूथचं मी सांगते, नाशिकला माझ्या मामांच्या सेटमध्ये दोन वर्षांपूर्वी घातलं. भोक पाडावं लागलं नाही.

मागे "लाइन इन" असं लिहिलेल्या, बाहेरचा आवाज सेटमध्ये घ्यायच्या दोन गोल खाचा आहेत का बघा. असतील तर निम्मं काम झालं. ब्लूटूथचं पाच व्होल्टवर चालणारं छोटं मॉड्यूल मिळतं, ते मी सेलच्या कप्प्यातच एका डबीत ठेवलं. त्याची आवाजाची वायर कप्प्याच्या झाकणाच्या फटीतून बाहेर आणून लाइन इनमध्ये खोचली. कधी नको वाटलं तर डबी उचलायची, सेट पुन्हा होता तसा.

मी एक चूक केली होती. मॉड्यूलला वीज सेटमधूनच घेतली आणि गाण्यामागे सतत किर्र आणि टिकटिक यायला लागली. चार रात्री वायरी बदलून पाहिल्या. शेवटी कळलं की मॉड्यूलची वीज आणि आवाज या दोन्हींची जमीन, म्हणजे ग्राउंडची वायर, एकच झाली की ती गडबड आवाजात शिरते. बारा व्होल्ट घेऊन वेगळे पाच देणारा आयसोलेटेड कन्व्हर्टर घ्या, बी१२०५एस नावाने मिळतो, शेंगदाण्याएवढा असतो. तो मधे घातल्यावर पूर्ण शांतता.

सेलऐवजी रिचार्ज होणारी बॅटरी हवी असेल तर तीन लिथियम सेलची माळ करा, संरक्षक बोर्डासकट. पूर्ण भरल्यावर १२.६ व्होल्ट होतात. आठ नवे मोठे सेल मिळून जवळपास तेवढेच भरतात, म्हणून सेटला ते चालतं. चार सेलची माळ १६.८ पर्यंत जाते, ती नको. चार्ज करायला मात्र बॅटरी बाहेर काढत जा, सेटमध्ये असताना नको.

कृष्णाकाठ

मी भाच्याच्या बाजूने दोन शब्द बोलतो. माझा सेट २०१९च्या पुरात तीन दिवस पाण्याखाली होता. सांगलीत आमच्या गल्लीत पहिल्या मजल्याच्या पायऱ्यांपर्यंत पाणी होतं. उघडला तेव्हा बोर्डावर गाळाचा थर होता, ट्रान्सफॉर्मर फुगलेला, डेकचं लोखंड गंजून एकजीव झालेलं. तो मी पूर्ण रिकामा केला, नवा अ‍ॅम्प्लिफायर बोर्ड घातला, स्पीकरचे कागद बदलून घेतले आणि बाहेरून रंगही दिला. आज तो दुकानात दिवसभर वाजतो आणि मला त्याचं काही वाईट वाटत नाही.

पण ताई, तुमच्या सेटचा रेडिओ लागतोय, मोटर फिरतेय. तो जिवंत आहे. जिवंत सेट रिकामा करू नका. भाच्याला रंगाची हौस असेल तर भंगारातून एखादा मेलेला सेट आणून द्या, मी माझ्या कामाचे फोटो टाकतो, त्याला उपयोगी पडतील.

खाडीकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे झाले, कुठवर आले ते सांगते.

चिकटा काढायला दोन रविवार गेले. भाचाच बसला माझ्याबरोबर. त्याने दोऱ्याने माप घेतलं आणि दादरहून लॅमिंग्टन रोडला जाऊन बेल्ट आणले. लांब स्विच साफ केल्यावर डावा स्पीकर पक्का झाला, आता थाप मारावी लागत नाही. लाइन इन होतं! निळी वायर, तुमच्याप्रमाणे डबी सेलच्या कप्प्यात बसवली, कन्व्हर्टरसकट. भाच्याने फोनवरून पहिलं गाणं लावलं तेव्हा त्या मोठ्या स्पीकरांचा ठेका ऐकून तो स्वतःच म्हणाला की आतलं काही काढायला नको. कृष्णाकाठ, तुम्ही म्हणालात तसा मेलेला सेट आम्ही शोधतोय.

नको असलेली भजनांची कॅसेट चार वेळा वाजवली. मग मोटरच्या मागच्या भोकातला स्क्रू फिरवून वेग जुळवला. वेग तपासायची, ३१५० हर्ट्झचा एकच सूर भरलेली कॅसेट एका ओळखीच्यांकडून आणली आणि सूर तेवढाच येतो का, तो आकडा फोनवर बघत बसले.

काल धीर करून आईची पहिली कॅसेट लावली. सुरुवात छान. मागे एसटीचा हॉर्न येतो, आई म्हणते, "संध्याकाळची गाडी आली बघा." पण दहाएक मिनिटांनी तिचा आवाज हळूहळू पातळ आणि घाईचा होत जातो. बाजू संपता संपता ती लहान मुलीसारखी बोलते. मी घाबरून बंद केलं. वेग मी चुकीचा लावला का? पण भजनं तर बरोबर वाजतात.

जुना मेकॅनिक

वेग बरोबर आहे, ताई. स्क्रूला हात लावू नका.

तुमच्याकडे तेव्हा वीज जायची का? आईंनी सेलवर रेकॉर्ड केलं असणार आणि सेल उतरत आलेले असणार. सेल खूपच उतरले की मोटर मंद होते आणि टेप हेडसमोरून सावकाश सरकते. तसं भरलेलं आज नीट वेगाने लावलं की ते भराभर धावतं आणि आवाज चढतो. बाजूच्या शेवटी सर्वात जास्त, कारण तिथवर सेल अजून उतरले होते. हा दोष सेटने सुधारायचा नाही. कॅसेट आहे तशी कॉम्प्युटरवर भरून घ्या आणि तिथे टप्प्याटप्प्याने वेग खाली आणा. एसटीचा हॉर्न किंवा घरातली ओळखीची घंटा दोनदा आली असेल तर तिच्यावरून बरोबर वेग सापडतो.

आणि आता त्या छोट्या स्क्रूचं. त्याने हेडचा कल बदलतो. ज्या सेटवर भरलं त्याच कलाने वाजवलं तर आवाज स्वच्छ येतो. आईंच्या चारही कॅसेटी याच हेडवर भरल्या आहेत, म्हणून आधी त्या चार भरून घ्या, स्क्रू आहे तिथेच ठेवून. बाबा मस्कतला ज्यावर भरायचे तो सेट वेगळा होता, त्यांचा आवाज घोंगडीतून आल्यासारखा वाटेल. तेव्हा स्क्रूवर नेलपॉलिशची खूण करा, अगदी हळू, पाव फेऱ्याच्या आत, फिरवत जा. "स", "श" हे अक्षर टोकदार ऐकू आलं की थांबा. काम झालं की खुणेवर परत.

खाडीकाठची

हो काका, वीज जायची. सेल बाबांनी पाठवलेल्या पैशातून यायचे, म्हणून आई ते शेवटपर्यंत वापरायची. उन्हात ठेवून पुन्हा घालायची.

आईच्या चारही कॅसेटी भरून झाल्या. हॉर्न दोनदा सापडला नाही, पण आमच्या भिंतीवरच्या घड्याळाचे टोले दोन ठिकाणी आहेत, सात आणि साडेसात. पहिल्या टोल्यावर दुसरा जुळवला आणि आईचा आवाज खाली येत येत तिचा झाला. शेवटच्या पाच मिनिटांत ती बाबांना सांगते की धाकटी अजून बटणाला हात लावते, म्हणून पट्टी लावली आहे. धाकटी मी.

बाबांच्या सातपैकी दोन झाल्या, खूण करून, स्क्रू जेमतेम सुईभर फिरवून. "शाळा" हा शब्द ते सारखा म्हणतात, तो नीट ऐकू यायला लागला तिथे थांबले. तिसरीतलं टेपमागचं फेल्टचं पॅड निघून पडलंय, आवाज येतजात राहतो. भजनांच्या कॅसेटमधलं पॅड काढून तिला लावते आणि मग वाजवते.