मदत हवी आहे : बाहेरचा मॉनिटर १०२४ × ७६८ च्या पुढे जात नाही (लिनक्स)

माझ्या लॅपटॉपला फक्त एचडीएमआय पोर्ट आहे आणि मॉनिटरला फक्त व्हीजीए, म्हणून मध्ये अडॅप्टर लावला आहे. मॉनिटर मूळचा १९२० × १०८० चा असूनही डिस्प्ले सेटिंगमध्ये १०२४ × ७६८ च्या वरचा पर्यायच येत नाही. अक्षरे आडवी ताणली जातात, अनुस्वार आणि रफार पुसट होतात. माझे काम मराठी मुद्रितशोधनाचे असल्यामुळे ही अडचण फार जाणवते.

केबल बदलली, दुसरा अडॅप्टर लावला, फरक पडला नाही. व्हीजीए असलेल्या जुन्या डेस्कटॉपवर हाच मॉनिटर पूर्ण रिझोल्यूशन देतो, त्यामुळे मॉनिटर ठीक आहे. लॅपटॉपवर ईडीआयडीची (मॉनिटर आपली रिझोल्यूशन संगणकाला कळवतो ती माहिती) फाइल रिकामी, म्हणजे शून्य बाइटची दिसते. मॉनिटरची ही माहिती अडॅप्टरमधून लॅपटॉपपर्यंत येतच नसावी. एक्स११ (लिनक्सची जुनी डिस्प्ले प्रणाली) सत्रात सीव्हीटी या आज्ञेने काढलेली १९२० × १०८० ची १७३ मेगाहर्ट्झची मोड एक्सरँडर या रिझोल्यूशन बदलण्याच्या आज्ञेने जोडली, ती नाकारली गेली. रिड्यूस्ड ब्लँकिंगची (चित्राच्या ओळींमधला रिकामा वेळ कमी केलेली) १३८.५ मेगाहर्ट्झची मोड मात्र चालली आणि अक्षरे लगेच रेखीव झाली. परंतु संगणक पुन्हा सुरू केला की ती नाहीशी होते, आणि वेलँड (एक्स११ ऐवजीची नवी डिस्प्ले प्रणाली) सत्रात हा मार्ग लागू पडत नाही.

मला वेलँडच वापरायचे आहे आणि नवा मॉनिटर तूर्त घेता येणार नाही. जुन्या डेस्कटॉपवरून १२८ बाइटची ईडीआयडी काढून घेतली आहे. ती कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) पॅरामीटरमधून कायमची द्यायची झाल्यास फाइल इनिटरॅमएफएसमध्येही (संगणक सुरू होताना आधी लोड होणारी छोटी फाइल प्रणाली) घालावी लागते का? आणि मुख्य म्हणजे, अॅनालॉग जोडणीची ही ईडीआयडी एचडीएमआय पोर्टला चालेल, की तिच्यात आधी बदल करावा लागेल?