एका सर्टिफिकेटात ५ डोमेन टाकले, आता एकही रिन्यू होईना

घाटावरचा_डेव्ह:
मंडळी अर्जंट आहे. एक व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर), उबुंटू आणि एनजिनएक्स (वेबसर्व्हर), त्यावर ५ क्लायंटच्या साइट्स. लेट्स एनक्रिप्टचं फुकट एचटीटीपीएस सर्टिफिकेट लावताना मी शहाणपणा केला, सर्टबॉटला (ते सर्टिफिकेट काढून देणारं टूल) पाचही डोमेन एकाच कमांडमध्ये दिले, म्हटलं एकच सर्टिफिकेट, झंझट नको. आता त्यातला एक क्लायंट दुसऱ्या होस्टिंगवर गेला आणि तेव्हापासून रिन्यू फेल. बाकीचे ४ तर इथेच आहेत ना, त्यांचं काय चुकलं? ६ दिवस उरलेत. वाइल्डकार्ड घेऊ का?

रात्रपाळी:
वाइल्डकार्डचा इथे संबंध नाही रे, ते एकाच डोमेनच्या सबडोमेनसाठी असतं आणि त्याला डीएनएसमधून (डोमेनच्या पत्त्यांच्या नोंदीतून) व्हेरिफाय करावं लागतं. एका सर्टिफिकेटात १०० नावं बसतात हे खरं, पण रिन्यू करताना प्रत्येक नाव परत तपासलं जातं, एक नापास तर सगळे नापास. चौघांची चार वेगळी काढ, एकाच आयपीवर आरामात चालतात, एसएनआय (ब्राउझर कुठली साइट हवी ते आधीच सांगतो) असतं त्यासाठीच. आणि आधी ड्राय-रन (नुसती चाचणी) कर बाबा, एका नावाला तासात ५ वेळा फेल झालास की बसशील वाट बघत.

कुलूपकिल्ली:
+१. शिवाय एकत्र सर्टिफिकेट असलं की कुणीही ते उघडून तुझ्या बाकीच्या क्लायंटची नावं वाचू शकतो. मला एका क्लायंटने विचारलं होतं, 'हे आमच्या शेजारच्या दुकानाचं नाव आमच्यात कसं काय?' काय सांगणार, कप्पाळ!

घाटावरचा_डेव्ह:
तीन झाले! चौथा अडलाय, पोर्ट ८० उघडा आहे, ए रेकॉर्ड (डोमेनचा आयपीव्ही४ पत्ता) बरोबर आहे, ब्राउझरमध्ये साइट दिसते, तरी चॅलेंज (डोमेन आपलंच ना ही तपासणी) फेल.

रात्रपाळी:
एएएए रेकॉर्ड (डोमेनचा आयपीव्ही६ पत्ता) बघ. तो असला तर लेट्स एनक्रिप्ट आधी आयपीव्ही६ ने जातं, तुझ्या ब्राउझरला आयपीव्ही६ नसेल तर तुला कळणारच नाही.

घाटावरचा_डेव्ह:
तोच निघाला 🙏 जुन्या होस्टिंगचा पत्ता पडून होता. उडवला, लागलं. पहिलं सर्टिफिकेट मात्र अजून ठेवलंय, डिलीट करायला हात धजत नाही.

कुलूपकिल्ली:
कॉन्फिगमध्ये कुठे त्याचा पाथ उरलाय का ते शोध, उरला असेल तर डिलीट केल्यावर एनजिनएक्स रीस्टार्टला उठणारच नाही. नसेल तर बिनधास्त डिलीट कर, नाहीतर सर्टबॉट दिवसातून दोनदा त्याच्यासाठी रडत बसेल.