सातवीतील अर्धा गुण आणि श्वसनाची व्याख्या : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

बी-४०२ : नमस्कार. मुलाच्या विज्ञानाच्या चाचणीत ‘श्वसन म्हणजे काय?’ असा दोन गुणांचा प्रश्न होता. त्याने ‘नाकाने हवा आत घेणे व बाहेर सोडणे’ असे उत्तर लिहिले आणि त्याला अर्धा गुण मिळाला. मला स्वतःला हे उत्तर बरोबर वाटते, परंतु शाळेत विचारायला जाण्यापूर्वी ग्रुपवरील जाणकारांचे मत घ्यावे म्हणून लिहीत आहे.

ए-१०१ : मी तीस वर्षे जीवशास्त्र शिकवले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. उत्तर अपुरे आहे. त्याने लिहिले तो श्वासोच्छ्वास झाला, आणि श्वासोच्छ्वास ही श्वसनाची केवळ सुरुवात असते. आत घेतलेल्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो आणि बाहेर सोडलेल्या हवेतही सुमारे १६ टक्के ऑक्सिजन असतो; म्हणजे शरीराने ठेवून घेतला तो एवढाच मधला वाटा. हा वाटा फुफ्फुसांतील वायुकोशांच्या (हवेच्या सूक्ष्म पिशव्यांच्या) अतिशय पातळ भिंतीतून रक्तात उतरतो, तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन तो शरीरभर वाहून नेते, आणि शेवटी पेशींमधील तंतुकणिकांत (मायटोकॉन्ड्रियांत) त्याच्या साहाय्याने ग्लुकोजचे विघटन होऊन कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि ऊर्जा मिळते. पेशीत घडते ते श्वसन. नाक आणि फुफ्फुसे ही नेण्या-आणण्याची व्यवस्था.

बी-४०२ : धन्यवाद, बाई. परंतु हे ग्लुकोज मध्येच कोठून आले? पचनाचा धडा स्वतंत्र आहे आणि मुलाने तो स्वतंत्रपणेच पाठ केला आहे.

ए-१०१ : खरी अडचण तीच आहे. दोन धडे केल्यामुळे मुलांना वाटते की अन्नाचा रस्ता वेगळा आणि हवेचा वेगळा, तर प्रत्यक्षात दोन्ही रस्ते पेशीतच एकत्र येतात. आज मुलाला एक प्रयोग करायला सांगा. उकडलेल्या बटाट्याचा मीठ न लावलेला तुकडा त्याने न गिळता दोन मिनिटे सावकाश चावत राहावा; हळूहळू गोडसर चव येऊ लागेल, कारण लाळेतील विकर (एन्झाइम) पिष्टाचे लांब रेणू तोडून त्यांची साखर करू लागते. (बहुतेक मुले अर्ध्या मिनिटातच गिळून मोकळी होतात, तेव्हा घड्याळ लावावे.)

जठरात काय होते हे तर एका माणसाच्या पोटात अक्षरशः डोकावून पाहिलेले आहे. १८२२ मध्ये उत्तर अमेरिकेत ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला पोटात बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण जठरापर्यंत जाणारे छिद्र बुजले नाही. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरांनी अन्नाचे तुकडे रेशमी दोऱ्याला बांधून त्या छिद्रातून आत सोडले आणि ठरावीक वेळाने ओढून पाहिले. जठररस बाहेर काढून कुपीत ठेवला तरी त्यात मांस विरघळते, हेही त्यांनी दाखवले आणि १८३३ मध्ये हे सारे प्रसिद्ध केले. पचन म्हणजे नुसते दळणे नसून ती रासायनिक क्रिया आहे, याला यापेक्षा उघड पुरावा कोणता असणार! त्या रुग्णाच्या हालांविषयी मात्र कमी बोलले जाते.

पुढे सुमारे सहा मीटर लांबीच्या लहान आतड्यात पित्तरस आणि स्वादुपिंडाचा स्वादुरस मिसळून बाकीचे काम पूर्ण होते, आणि आतड्याच्या आतल्या बाजूस असलेल्या बोटांसारख्या सूक्ष्म उंचवट्यांतून ग्लुकोज रक्तात जाते. तुमच्या प्रश्नातले ग्लुकोज ते हेच.

सी-३०३ : मी पशुवैद्य असल्यामुळे इथे थोडी भर घालतो. माणसाच्या हिशेबाने गाईचे पचन समजत नाही. गाईला चार पोटे असतात असे आपण सर्रास म्हणतो. वास्तविक जठर एकच असते आणि त्याला चार कप्पे असतात. गवतातील सेल्युलोज पचवणारे विकर गाईजवळही नाही. पहिल्या मोठ्या कप्प्यातले असंख्य सूक्ष्मजीव ते काम करतात आणि त्यातून तयार होणारी आम्ले त्या कप्प्याच्या भिंतीतूनच रक्तात जातात. गाईची बरीचशी ऊर्जा या आम्लांतून येते, आणि पुढे चौथ्या कप्प्यात गेलेले सूक्ष्मजीवही पचवले जातात. गाय तपासताना आम्ही तिच्या डाव्या बाजूला, शेवटच्या बरगडीमागच्या खळगीत मूठ दाबून धरतो. मिनिटाला एक-दोन वेळा आतली लाट मुठीला बाहेर ढकलते. ती लाट जाणवेनाशी झाली आणि रवंथही थांबले, की जनावर आजारी आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

बी-४०२ : आता मुलगा स्वतः विचारत आहे, त्याचेच शब्द लिहितो : ‘मी दिवसभर एवढे खातो, पण माझे वजन तेवढे वाढत नाही आणि शौचावाटेही तेवढे बाहेर पडत नाही. मग बाकीचे अन्न जाते कोठे?’

ए-१०१ : शाबास! या प्रश्नाला मी दोनपैकी दोन गुण दिले असते. बाळा, पाणी लघवीतून आणि घामातून जाते हे तुला ठाऊक असेल, परंतु पचलेल्या अन्नातला कार्बन बहुतांशी तुझ्या नाकावाटे जातो. मोठा माणूस दिवसाकाठी साधारण एक किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो आणि त्यात सुमारे पाव किलो कार्बन असतो. तो सगळा अन्नातूनच आलेला.

लव्हाझिए आणि लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १७८२-८३ च्या हिवाळ्यात बर्फाने वेढलेल्या भांड्यात एक गिनीपिग ठेवला, त्याच्या उबेने किती बर्फ वितळले ते मोजले, आणि तेवढाच कार्बन डायऑक्साइड देणारा कोळसा जाळल्यास किती बर्फ वितळते त्याच्याशी ताडून पाहिले. दोन्ही आकडे जवळपास आले, तेव्हा श्वसन हे अत्यंत संथ ज्वलन आहे असा निष्कर्ष निघाला. हे ज्वलन फुफ्फुसात होते असा लव्हाझिएचा समज मात्र पुढे चुकीचा ठरला. म्हणजे तुझी चूक, बाळा, फार मोठ्या माणसाच्या चुकीच्या जवळची आहे.

बी-४०२ : त्याला आणखी एक शंका आहे. पाण्यापेक्षा हवेत ऑक्सिजन कितीतरी जास्त असतो, तर मासा बाहेर काढल्यावर का गुदमरतो?

सी-३०३ : रंगवायचा मऊ कुंचला पाण्यात बुडवून पाहा : केस मोकळे पसरतात, आणि बाहेर काढताच चिकटून त्यांचे एकच टोक होते. कल्ल्यांच्या नाजूक पापुद्र्यांचे हेच होते. पाण्याचा आधार गेला की ते एकमेकांना चिकटतात, ऑक्सिजन शोषणारा पृष्ठभाग एकदम कमी होतो, आणि थोड्या वेळात ते सुकूही लागतात. काही मासे हवेतूनही ऑक्सिजन घेतात, पण त्यांच्याजवळ फुफ्फुसासारखी वेगळी सोय असते.

ए-१०१ : आणि उत्तरातला ‘नाकाने’ हा शब्द का खटकतो, तेही सांगून टाकते. गांडूळ ओलसर त्वचेतून ऑक्सिजन घेते, म्हणूनच कोरड्या जमिनीवर ते मरते. झुरळाच्या शरीराच्या बाजूंवर श्वासरंध्रांच्या दहा जोड्या असतात. त्यांतून आत गेलेली हवा बारीक नळ्यांच्या जाळ्यातून थेट पेशींपर्यंत पोहोचते. ऑक्सिजन वाहून नेण्याचे काम त्याच्या रक्ताकडे नाही, म्हणून त्या रक्तात हिमोग्लोबिनही नाही आणि ते लाल दिसत नाही. डोके तुटलेले झुरळ काही दिवस जगते, याचे एक कारण म्हणजे त्याचा श्वास डोक्यातून चालतच नाही.

बी-४०२ : म्हणजे हीच व्याख्या झुरळाला लावली असती, तर तो अर्धा गुणही गेला असता. शाळेत जाण्याचा विचार रद्द केला आहे. मुलगा सध्या बटाटा चावत बसला आहे आणि अजून गोड लागत नाही अशी त्याची तक्रार आहे.

ए-१०१ : त्याला बोलू नको म्हणावे. अजून दोन मिनिटे व्हायची आहेत.