मदत हवी आहे: डायव्हिंगच्या छोट्या होडीसाठी व्हीएचएफ रेडिओ आणि जीपीएस

नमस्कार. मी सोलापूरचा असून माझा मामेभाऊ मालवणला पर्यटकांसाठी स्कूबा डायव्हिंगची होडी चालवतो. आउटबोर्ड इंजिनाच्या या उघड्या होडीसाठी उपकरणे निवडण्याचे काम त्याने माझ्यावर सोपवले आहे. समुद्राशी आमचा संबंध उजनीच्या पाण्यापुरताच, तेव्हा जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

मुख्य प्रश्न व्हीएचएफ रेडिओचा, म्हणजे इतर होड्यांशी व किनाऱ्याशी बोलण्याच्या बिनतारी संचाचा आहे. बसवण्याचा सेट २५ वॅटचा असतो, तर हातातला साधारण ५ ते ६ वॅटचा. परंतु व्हीएचएफ लहरी जवळपास सरळ रेषेतच जात असल्याने वॅटपेक्षा अँटेनाची उंची अधिक महत्त्वाची ठरते, आणि डोक्यावर छतही नसलेल्या होडीत ती उंची कशी मिळवावी, हे मला उमगत नाही. काठी उभारली तर टाक्या घेऊन चढउतार करणाऱ्यांना तिची अडचण होणार नाही का? संकटात चॅनेल १६ या त्यासाठी ठरलेल्या वाहिनीवर तोंडी हाक देता येतेच. तरीही एका बटणासरशी चॅनेल ७० वरून स्थानासह संकटसंदेश पाठवणारी डीएससी सुविधा मला आवश्यक वाटते. त्यासाठी लागणारा, होडीच्या रेडिओची ओळख सांगणारा नऊ अंकी एमएमएसआय क्रमांक आणि दूरसंचार विभागाचा परवाना इतक्या लहान होडीसाठी कोणी मिळवला आहे का?

जीपीएसच्या आधारे सागरी नकाशावर होडीचे स्थान दाखवणारा चार्टप्लॉटर साधाच चालेल, मात्र भर उन्हात पडदा वाचता आला पाहिजे. खडकाळ तळाची खोली दाखवणारा सोनार त्यातच घ्यावा की वेगळा, आणि १२ व्होल्टच्या एकाच बॅटरीवर हे सारे जोडणे योग्य आहे का, हेही कृपया सांगावे.