'मलिदा केला' : पदार्थ की विधी?

केवडा : अलिबागकडच्या एका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या, आजींच्या आठवणींचं संपादन करते आहे. त्या सांगतात, "लेक सुखरूप बाळंत झाली म्हणून घरी मलिदा केला." मुद्रितशोधकांनी तिथे 'नैवेद्य' सुचवलाय. का, तर 'मलिदा' म्हटलं की लोकांना कंत्राटात लाटलेलाच आठवतो. मला पटलेलं नाही. तरी विचारते, आजींना पदार्थ म्हणायचाय की विधी?

दर्यावर्दी : दोन्ही. भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलची, सुका मेवा आणि ताटात भोवतीनं फळं. एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या, नावानं प्रार्थना होते, फळांवर आशीर्वाद म्हणतात, मग सगळ्यांना वाटतात. नवस फेडायला, लग्नात, नव्या घरात. 'नैवेद्य' मुळीच नको. इथे मूर्ती नाही आणि देवाला दाखवणंही नाही.

खलबत्ता : फारसी 'मालीदन' म्हणजे चोळणं, मळणं. 'मालिश' त्यातलाच. आमच्याकडे दर्ग्यावरचा मलिदा म्हणजे चपात्या कुस्करून तूप-गूळ. पोह्यांना मलिदा म्हणणं मुळात चूकच.

दर्यावर्दी : भात पिकवणाऱ्या कोकणात पोहे नाही तर काय घेणार? व्युत्पत्तीला विचारून कोणी ताट भरत नाही.

सुईदोरा : माझा मुद्दा वेगळा. प्रार्थना म्हणायचे पुरुष. पोहे भिजवणं, नारळ खवणं, ताट मांडणं बायकांचं. आजी 'मलिदा केला' म्हणतात, त्यातलं 'केला' त्यांच्या हातचं आहे. तुम्ही 'मलिद्याचा विधी पार पडला' लिहिलंत की वाक्यातून बाईच गेली. कृपा करून तसं करू नका.

केवडा : हे पटलं. क्रियापद तसंच ठेवते. पण पुढच्याच पानावर आजी सणाला 'मशिदीत' जातात. तिथेही लाल शाई आहे, 'सिनेगॉग' (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) करा म्हणून.

खलबत्ता : तिथे शोधकाचं बरोबर. वाचक गोंधळेल. नाहीतर 'प्रार्थनामंदिर' करा, शुद्ध मराठी.

दर्यावर्दी : जुने बेने इस्राएल मशीदच म्हणत. सामुएल दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईत बांधलेल्या शार हारहमीम या सिनेगॉगवरूनच तिथल्या मशीद स्टेशनचं नाव पडलं, असं सांगतात. आजींच्या तोंडी 'प्रार्थनामंदिर' घालणं म्हणजे त्यांना दुसऱ्याच कोणाच्या घरची करणं.

खलबत्ता : मग तळटीप हवीच. बोली आहे म्हणून काहीही छापायचं का?

सुईदोरा : 'काहीही' नव्हे हो, ही त्यांची मातृभाषा आहे! कोचीच्या ज्यू बायकांनी मल्याळम गाणी वह्यांत उतरवून ठेवली, म्हणून ती आज हाताशी आहेत. कोणी ती 'शुद्ध' करून ठेवली असती तर?

ओटीवरून : मलिद्याच्या ताटात सब्जाची डहाळी वासासाठी ठेवतात ना? आमच्या शेजारच्या मावशी ठेवायच्या. तिला त्यांच्यात वेगळं नाव आहे का?

खलबत्ता : सब्जा आणि तुळस यांत आधी फरक करा. 'सब्जा'ही फारसीच.